घराकडे तोंड केलेली गाडी

मित्रांनो, मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, साधा हॉर्नसुद्धा नाही. दुसऱ्याने ओढलं तर चालायचं, सोडलं तर पडून राहायचं, असा मी एक जुना ट्रेलर. वीस फूट लांबी, दोन आस, चार चाकं, वर जाड फळ्या आणि पुढे पिकअप ट्रकला अडकवायचा लांब लोखंडी दांडा. त्या दांड्याचा आता पीळ झालाय आणि मागचा आस वाकलाय. सध्या माझा मुक्काम इंडियानातल्या एका यार्डात आहे. अपघातातल्या गाड्या इथे आणून टाकतात. काल एक माणूस आला आणि माझ्या अंगावर खडूने फुली मारून गेला. म्हणजे लवकरच मला कापणार.

कापोत बापडे. लोखंडाच्या जातीला रडगाणं शोभत नाही. पण माझ्याबद्दल इथे जे बोललं जातं, त्याने माझ्या अंगाची आग होते. जो येतो तो माझ्या गंजलेल्या कडेवर बूट आपटतो आणि म्हणतो, ट्रेलर जुना होता म्हणून माणूस गेला. साफ खोटं. मी जुना होतो हे खरं आणि माणूस गेला हेही खरं, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. गेला तो यतीन. बेचाळीस वर्षांचा, मूळचा नागपूरचा, फार चांगला माणूस. तो कशाने गेला ते मला माहीत आहे, कारण मी त्याच्या मागेच होतो.

मी मराठी कसा बोलतो, असं तुम्हाला वाटत असेल. सांगतो. माझा जन्म याच राज्यातला, वेल्डिंगच्या ठिणग्यांतला. पहिली चौदा वर्षं मी एका शेतकऱ्याकडे काढली. ट्रॅक्टर वाहिले, गवताचे भारे वाहिले, एकदा मेलेला घोडासुद्धा वाहिला. तो शेतकरी दिवसात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन कुत्र्याला. पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याने मला विकायला रस्त्याच्या कडेला उभं केलं. तिथून मला घरी नेलं पुरुषोत्तमरावांनी, आणि त्यांच्या घरी गेल्यापासून माझ्या कानावर मराठीशिवाय दुसरं काही पडलंच नाही.

पुरुषोत्तमराव शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहायचे. रिटायर झालेले इंजिनिअर, मूळचे अहमदनगरचे. नगरला सैन्याचं मोठं ठाणं आहे आणि त्यांचे वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. महायुद्धात अमेरिकेने बनवलेल्या काही चिलखती गाड्या युद्ध संपल्यावर तिथेच राहिल्या होत्या. त्या चालत्या ठेवण्यात वडिलांचा अर्धा जन्म गेला. गाडीवर पलटणीचं नाव असायचं, साहेबाचं नाव कागदावर असायचं. वडिलांचं नाव कुठेच नव्हतं, आणि ही गोष्ट पुरुषोत्तमरावांना लहानपणापासून लागलेली होती.

साठी ओलांडल्यावर त्यांना आयोवातल्या एका शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, तशीच एक गाडी सापडली. ती आणायलाच त्यांनी मला घेतलं होतं. चार टन वजन, जाड पोलादी पत्रा, वरून उघडी. इंजिन पुढे, आणि बंपरच्या जागी एक भलामोठा लोखंडी रूळ. म्हणजे सगळं वजन तिच्या नाकात. हे तेवढं लक्षात ठेवा.

नऊ वर्षं त्यांनी त्या गाडीसाठी घातली. गराजमध्ये सकाळी शिरायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. त्यांच्या बायकोचं नाव उत्तरा. उत्तराकाकूंची जीभ तिखट आणि हात सढळ. त्या गाडीला त्या सवत म्हणायच्या. आज सवतीला न्हाऊ घातलंत का, असं भरल्या ताटावर विचारायच्या. पण गाडीच्या सीटसाठी कॅनव्हास त्यांनीच शिवून दिला, तोसुद्धा दोनदा, कारण पहिल्यांदा रंग चुकला होता.

शेजारच्या घरात यतीन राहायला आला. आयटीतला माणूस, बायको मीनाक्षी, मुलगी आन्या. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून त्याचे हात शिवशिवायचे, म्हणून शनिवारी तो काकांच्या गराजमध्ये यायला लागला. आधी नुसता बघत उभा राहायचा, मग पाना द्यायला लागला, मग स्वतःच गाडीखाली शिरायला लागला. पुढे त्याने मोठा पिकअप घेतला तोसुद्धा मला ओढता यावं म्हणून. मीनाक्षी म्हणायची, घरात तीन माणसं आणि दारात हत्ती.

यतीनमध्ये एकच खोट होती. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. ऑफिसमधल्यांची रविवारची कामं हा करणार, मंडळाच्या खुर्च्या हा उचलणार, विमानतळावर पहाटे चारला हा जाणार. पुरुषोत्तमराव त्याला बजावायचे, अरे, भीड भिकेची बहीण. तो हसायचा आणि म्हणायचा, काका, आता सवयच पडून गेली ना, काय करू मी तरी.

गाडी माझ्यावर कशी चढवायची, हे पुरुषोत्तमरावांनी त्याला नीट शिकवलं होतं. ते शिकवणं मी शेकडो वेळा ऐकलंय. त्यांच्या आजोबांची बैलगाडी होती. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की धुरा वर उचलली जाते, बैलांच्या मानेला फास बसतो, आणि गाडी उलटते. अशा गाडीला उलाळ गाडी म्हणतात. ट्रेलरचंही तेच आहे. वजन थोडं पुढे असलं, दांडा पिकअपवर दाबून बसलेला असला, की मी सरळ चालतो. वजन मागे गेलं की दांडा हलका होतो आणि वेग वाढला की माझा मागचा भाग डुलायला लागतो. म्हणून ती गाडी कायम नाक पुढे करून चढवायची, पुढची चाकं फळीवरच्या पिवळ्या रेघेवर आणायची आणि चारी बाजूंनी साखळ्या आवळायच्या.

एक दिवस त्यांनी यतीनचा हात धरून माझा दांडा वर-खाली करणाऱ्या पुढच्या जॅकच्या हँडलवर ठेवला. "हे फिरवताना घाम आला पाहिजे," ते म्हणाले. "सहज फिरलं तर समज, गाडी उलाळ आहे. मग कुणी काही म्हणो, निघायचं नाही."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. चार जुलैच्या मिरवणुकीला, ऑगस्टमध्ये भारतीयांच्या परेडला आम्ही जायचो. लोक गाडीभोवती गर्दी करायचे, मुलांना तिच्यात बसवून फोटो काढायचे. माझा फोटो कुणी काढला नाही. नवरदेवाचं कौतुक होतं, घोड्याकडे कोण बघतं? पण पुरुषोत्तमराव घरी आल्यावर आधी माझ्या चाकांवर हात फिरवायचे, बेअरिंग तापलेत का बघायचे. मला तेवढं पुरे होतं.

मग एका जानेवारीत, दारातला बर्फ काढताना, त्यांच्या छातीत कळ आली. फावडं तिथेच राहिलं. त्यांना नेलं ते नेलंच.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. घराच्या कडेला, कुंपणाच्या आड मी पडून होतो. बर्फ आला, गेला. माझ्या फळ्यांतून गवत उगवलं, दांड्याच्या नळीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. वस्तीच्या कमिटीकडून काकूंना पत्र आलं, की ट्रेलर दिसतोय, तो हलवा. काकूंनी ते पत्र फाडून टाकलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांचा मुलगा अनीश कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतो. आईने तिकडे यावं म्हणून तो मागे लागला होता. शेवटी घर विकायचं ठरलं. गाडीचं काय करायचं, हे मात्र पुरुषोत्तमराव सांगून गेले होते. इंडियानात जुन्या लष्करी वाहनांचं एक छोटं म्युझियम आहे, तिथे ती द्यायची आणि तिच्याजवळ वडिलांच्या नावाची पाटी लावायची. काकूंनी त्यांना तसा शब्द दिला होता. म्युझियमने होकार कळवला. अनीश म्हणाला, आई, प्रोफेशनल लोकांना बोलाव, त्यांचं कामच आहे ते. पण यतीनने ते ऐकलं आणि तो मध्येच बोलला, काकांची गाडी परक्याच्या हातात कशाला देता, मी आहे ना.

त्याने काही कमी ठेवलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पंधरा दिवस आधीपासून तो माझ्यापाशी यायचा. चारही टायर नवे घातले. बेअरिंग काढून, धुऊन, ग्रीस भरून बसवले. ब्रेकच्या वायरी बदलल्या, दिवे तपासले, गांधीलमाश्यांना हाकललं. तेव्हा कुणी माझ्या वयाला दोष दिला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या दिवशी मी दहा वर्षांनी लहान झालो होतो.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सकाळचं स्वच्छ ऊन, थोडा वारा. यतीनने गराजमधून चिलखती गाडी काढली, नाक पुढे करून माझ्यावर चढवली, पुढची चाकं पिवळ्या रेघेवर आणली. साखळ्या आवळल्या. जॅक फिरवताना त्याच्या कपाळावर घाम आला. माझा दांडा पिकअपवर घट्ट बसला होता. सगळं अगदी जसं हवं तसं.

तेवढ्यात काकू ताम्हण घेऊन बाहेर आल्या. हळद-कुंकू, निरांजन, वाटीत दही. सोबत जायचं म्हणून चांगली साडी नेसलेल्या. ताम्हण हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "यतीन, हिचं तोंड घराकडे कर ना रे. आमच्याकडे गणपतीसुद्धा घराकडे बघत निघतो. पाठ फिरवून कसं जाऊ देऊ तिला? यांची आहे ती."

नवऱ्यामागे नऊ महिने त्या बाईने कुणाजवळ काही मागितलं नव्हतं. यतीनने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचा ओठ हलला. मला वाटलं, आता बोलेल. काकू, असं नाही करता येत, काकांनीच सांगितलंय, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

"करतो की, काकू," तो म्हणाला.

त्याने चारही साखळ्या सोडल्या. गाडी खाली उतरवली, रस्त्यावर वळवली आणि उलटी, मागे मागे करत माझ्यावर चढवली. आता तिचं तोंड घराकडे होतं, आणि ते सगळं इंजिन, तो रूळ, तो जाड पत्रा माझ्या शेपटाकडे. त्याने तिला होईल तितकी पिकअपकडे सरकवली. पण माझी फळी संपली, पुढे जागाच नव्हती. त्याने साखळ्या पुन्हा आवळल्या आणि जॅकला हात घातला. हँडल दोन बोटांनी गरागरा फिरलं.

त्याचा हात थांबला. मित्रांनो, त्याला कळलं होतं. मी जिवाच्या आकांताने करकरलो, पण जुना ट्रेलर करकरतो त्यात नवल ते काय?

काकूंनी गाडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, पत्र्यावर बोटाने दही लावलं. पुनरागमनायच, असं पुटपुटल्या आणि रडल्या. पुरुषोत्तमराव गेले तेव्हासुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या. यतीन बाजूला मान खाली घालून उभा होता. मग तो शर्ट बदलायला घरी गेला, आला, आणि काकूंना हात देऊन पिकअपमध्ये बसवलं. जाताना एवढंच म्हणाला, की आपण आरामात जाऊ, पन्नास मैलांच्या वर काढणार नाही.

गावातल्या रस्त्यांवर काही वाटलं नाही. कमी वेगात मी कसाही चालतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र फरक कळायला लागला. दांडा पिकअपवर टेकायला हवा, तो वर उठू बघत होता. यतीन खरंच पन्नासने चालला होता, पण मागून येणारे ट्रक दिवे मारायचे, हॉर्न वाजवायचे, अंगावर यायचे. त्याला लोकांचा खोळंबा करवेना. पन्नासचे पंचावन्न झाले. इंडियानात शिरून दक्षिणेला वळलो तेव्हा साठला पोचलो होतो.

एकदा त्याने रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी पिकअप थांबवला. खाली उतरून साखळ्या हलवून बघितल्या, माझ्या दांड्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, इथे सुचेल त्याला. जागा मोकळी होती, गाडी चढवायचे रॅम्प माझ्याबरोबरच होते, अर्ध्या तासात गाडी फिरवून झाली असती. काकूंनी काच खाली केली आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना रे? तो म्हणाला, हो काकू, एकदम ओके. आणि परत जाऊन बसला. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की सांगता सोय नाही. आजही येतो.

पुढे पवनचक्क्यांचा पट्टा लागतो. दोन्हीकडे मैलोन्‌मैल कापलेल्या मक्याची सपाट जमीन, वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. वारा आडवा येत होता. एका पुलावरून आम्ही खाली उतरत होतो, उताराने वेग आपोआप वाढला, आणि डावीकडून एक अठरा चाकांचा ट्रक पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने आधी मला बाहेर ढकललं, मग आत ओढलं. माझा मागचा भाग डुलला. एकदा, दोनदा, प्रत्येक वेळी जास्त.

असं झालं तर पिकअपच्या ब्रेकवर पाय द्यायचा नाही, फक्त माझे ब्रेक लावायचे. त्यासाठी हाताशी एक छोटी कळ असते. यतीनला तेही शिकवलेलं होतं. पण घाबरल्यावर पाय काय कुणाचं ऐकतो? पाय ब्रेकवर गेला. पिकअप थांबायला लागला, मी थांबेना. चार टन माझ्या शेपटावर बसलेले. तिसऱ्या हेलकाव्याला मी पिकअपला आडवं फिरवलं. आम्ही रस्ता सोडून मधल्या गवताच्या चरात गेलो आणि पिकअप कलंडला. साखळ्या तुटल्या. गाडी माझ्यावरून सुटली आणि ड्रायव्हरच्या बाजूवर जाऊन पडली. त्यापुढचं मी सांगणार नाही.

काकूंच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. लोक धावत येईपर्यंत त्या त्याला हाका मारत होत्या, यतीन, ऊठ रे, ऊठ बाळा. त्यांना बाहेर काढल्यावरही त्या हाका थांबल्या नाहीत.

चिलखती गाडीला काही झालं नाही. मडगार्डला एक पोचा आला, बस्स. म्युझियमची माणसं तिला घेऊन गेली. ऐकतो, की तिच्यासमोर पाटीही लागलीय आणि पाटीवर नगरच्या त्या मेकॅनिकचं नाव आहे. काकू ती बघायला गेल्या नाहीत.

नवव्या दिवशी इथे यार्डात एक गाडी आली. अनीश चालवत होता. मागून काकू उतरल्या, हात गळ्यात बांधलेला, आणि मीनाक्षी. पिकअपमधलं सामान न्यायला आल्या होत्या. कागदपत्रं, यतीनचा चष्मा, आन्याचं एक स्वेटर. महिनाअखेर मीनाक्षी आणि आन्या नागपूरला परत जाणार होत्या. तिचं इथलं राहणं यतीनच्या नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी करणारा गेला, की बांधलेल्यांनी जायचं. अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत काढली, त्या रांगेचं काय, हे तिला कुणीच सांगू शकलं नाही.

अनीश यार्डवाल्याशी इंग्रजीत बोलत होता. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, इतका जुना ट्रेलर रस्त्यावर आणायलाच नको होता. मीनाक्षी मान हलवत होती. सगळ्यांना हे सोपं पडत होतं. मी काही उलट बोलत नाही.

काकू पुढे आल्या. त्यांनी माझ्या फळीवरच्या पिवळ्या रेघेवर हात ठेवला.

"ट्रेलरला काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीनाक्षी, तुला सांगायचंय मला. त्याने गाडी आधी बरोबर चढवली होती. तोंड घराकडे कर, असं मी म्हणाले. यांच्या तोंडून मी इतकी वर्षं ऐकत होते, की वजन पुढे पाहिजे. त्या दिवशी मला आठवलं नाही. माझ्यामुळे गेला तो."

अनीश म्हणाला, "आई, please, don't." काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मीनाक्षीच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ही पोर ओरडेल, आणि ओरडलीच पाहिजे.

मीनाक्षी ओरडली नाही. हातातलं स्वेटर तिने घडी केलं, मोडलं, परत घडी केलं.

"त्याला माहीत होतं, काकू," ती म्हणाली. "शर्ट बदलायला आला तेव्हा मला म्हणाला, मागे वजन जास्त झालंय, काकांनी असं कधी नेऊ दिलं नसतं. सांगू का काकूंना? तर मीच म्हटलं, आता नको. त्यांनी कुंकू लावलंय, रडून झाल्यात. एवढा मान ठेव त्यांचा. अडीच तासांचा तर रस्ता आहे."

काकू माझ्या कडेवर बसल्या. मीनाक्षीही शेजारी बसली. दोघींचं मिळून किती वजन असणार? पण आयुष्यात मी इतका भार कधी वाहिला नव्हता. अनीश दूर जाऊन, पाठ फिरवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने यार्डवाला आला आणि म्हणाला, की बंद करायची वेळ झाली.

मित्रांनो, माझ्यासारखे ट्रेलर अजून खूप आहेत. त्यांचे टायर बघत जा, बेअरिंगला ग्रीस घालत जा, माल भरताना हलगर्जीपणा करू नका. हे मी सांगणारच, तो आमचा हक्क आहे. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. त्या दिवशी चूक कळलेले आम्ही तिघं होतो. यतीन, मीनाक्षी आणि मी. त्यात मला एकट्याला तोंड नव्हतं.

तेव्हा कुणी मोठं माणूस मायेने, डोळ्यांत पाणी आणून तुम्हाला चुकीचं काही करायला सांगेल, तर हवं तर पाया पडा, पण तिथल्या तिथे नाही म्हणा. त्यांचं मन दुखेल. दुखू द्या. काकूंचंही दुखलं असतं. ताम्हण घेऊन त्या घरात निघून गेल्या असत्या, दोन दिवस यतीनशी बोलल्या नसत्या. आणि तिसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनीच त्याला जेवायला हाक मारली असती.